पट्टेरी सर्जनफिश

पट्टेरी सर्जनफिश (शास्त्रीय नाव : अकॅन्थुरस ट्रायोस्टेगस) हा उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर राहणारा व शैवालावर जगणारा सागरी मासा आहे. त्याचा समावेश अकॅन्थुरिडी कुलात होतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदी व पॅसिफिक महासागर ओलांडून थेट मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत तो आढळतो. अरबस्तानाभोवतीच्या समुद्रांत मात्र तो नाही. मध्य पॅसिफिकमधील बेटे आणि अमेरिकेचा किनारा यांच्यामध्ये हजारो किलोमीटर रुंदीचे खोल पाणी पसरलेले असून भित्तीवरच्या फारच थोड्या जातींना ते पार करता आले आहे. या जातीला ते कसे साधले असावे, याचा उलगडा तिच्या बाल्यावस्थेत होतो.

शरीर अंडाकार व दोन्ही बाजूंनी चपटे असते. लांबी बहुधा १५ ते २० सेंमी., क्वचित २७ सेंमी.पर्यंत भरते. करड्या-हिरवट अंगावर सहा उभे काळे पट्टे असतात. पहिला डोळ्यावरून जातो आणि शेवटचा शेपटीच्या बुडाशी असतो. पोट पांढरे असते. हवाई बेटांवर या माशाला ‘मानिनी’ म्हणतात. तेथील उपजातीत छातीच्या पराच्या मुळाशी ठिपक्यांऐवजी कोयत्यासारखी वळलेली काळी रेघ दिसते. कुलाची ओळख असलेले धारदार पाते शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंना असते खरे, पण या जातीत ते बारीक असते.

अन्न म्हणजे खडकावर उगवणारे तंतुमय शैवाल. दात चपटे, एकमेकांना लागून बसलेले आणि कडेला दातेरी असतात, त्यामुळे शैवालाचे तंतू नेमके खुडता येतात. जठराची भिंत पातळ असते. कुलातील काही जाती वाळूसकट अन्न गिळून जाड, स्नायुमय जठरात ते दळतात. हा मासा मात्र वाळू टाळतो. साहजिकच स्वच्छ खडकावरचे चांगले कुरण त्याला हवे असते आणि तेच इतरांनाही हवे असते. तपकिरी सर्जनफिश किंवा रेघांचा सर्जनफिश यांच्यासारख्या जाती शैवालाचा एकेक तुकडा राखतात व एकट्यादुकट्या घुसखोराला हुसकावून लावतात. अशा ठिकाणी पट्टेरी सर्जनफिश शेकड्यांच्या थव्याने उतरतो. राखणदार एकाच्या मागे धावतो तोवर बाकीचे माना खाली घालून भराभर चरतात, आणि थोड्याच वेळात सगळा थवा पुढच्या खडकाकडे सरकतो. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, हे थवे बऱ्याच अंशी अशा हद्द राखणाऱ्या जातींमुळेच बनतात. त्या विरळ असतात तेथे हा मासा लहान गटांत किंवा एकेकटाही चरतो. म्हणून थव्याने राहणे हा त्याचा ठरीव स्वभाव मानण्यापेक्षा परिस्थितीने लादलेला मार्ग मानणे अधिक योग्य ठरेल. थव्याच्या आडोशाने तुतारी मासा लहान माशांच्या अगदी जवळ जाऊन शिकार साधतो.

मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांनी १९६१ मध्ये हवाईतील उपजातीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला; जीवनक्रमाची बरीचशी माहिती त्यातून मिळते. हवाईत विणीचा हंगाम साधारणपणे डिसेंबर ते जुलै असतो. विषुववृत्ताजवळ तो वर्षभर चालू शकतो. संध्याकाळी मासे भित्तीच्या कडेला गोळा होतात, त्यांचे रंग गडद होतात, आणि एखादा लहान गट झपकन वर उसळी घेऊन अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतो. अंडी मिलिमीटरपेक्षाही लहान व तरंगणारी असतात आणि सुमारे एका दिवसात फुटतात. आईबाप त्यांची राखण करत नाहीत.

त्यानंतरचे सुमारे अडीच महिने डिंभ (अंड्यातून निघालेले अपूर्ण वाढीचे पिलू) खुल्या समुद्रात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खात वाहत राहतो. वर सांगितलेला विस्तार एवढ्या लांब प्रवाही काळामुळेच शक्य झाला असावा. शेवटी तो सुमारे अडीच सेंटिमीटरचा, चकतीसारखा, काचेसारखा पारदर्शक होतो. पोटाकडचा भाग तेवढा चंदेरी असतो. अंगावर पूर्ण खवल्यांऐवजी बारीक उभ्या कडा असतात. या अवस्थेत तो रात्री किनाऱ्याकडे येतो आणि उथळ पाण्यात, पुष्कळदा ओहोटीनंतर खडकांत साचून राहणाऱ्या डबक्यांत मुक्काम करतो. चार-पाच दिवसांत पट्टे उमटतात, खवले तयार होतात आणि प्लवक पचवणारे आखूड आतडे शैवाल पचवण्यासाठी झपाट्याने लांबते.

हे रूपांतर अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे घडते, असे फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरील संशोधनातून २०१७ मध्ये स्पष्ट झाले. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाच्या संपर्कात आलेल्या पिलांमध्ये या संप्रेरकांचे प्रमाण घटते, रूपांतरात बिघाड होतो आणि शैवाल चरण्याची क्षमता कमी होते. पिले नेमकी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात उतरत असल्यामुळे जमिनीवरून वाहून येणाऱ्या रसायनांचा धोका त्यांना याच नाजूक दिवसांत सर्वाधिक असतो.