जुनी गोळी भारी का नवी? स्किझोफ्रेनियाच्या औषधांतला गोंधळ

आमचं मेडिकल परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराच्या गोळ्या न्यायला येणारे दोन गोष्टी हमखास विचारतात, एक म्हणजे ही झोपेची गोळी हाय का, अन् दुसरं म्हणजे डॉक्टरनं जुनीच काऊन लिहिली, नवी भारी असती ना. पहिल्याचं उत्तर सोपंय, नाही, झोप येते ती सोबत येते, गोळीचं काम वेगळंय. दुसऱ्यासाठी मात्र गिऱ्हाईक कमी असलं तर स्टूल पुढं करावं लागतं.

जुनी म्हणजे क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल वगैरे. 1952 साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. नवी म्हणजे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, ही 1990 नंतरची. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाला लगाम दोन्हीही घालतात. कानात आवाज येणं, भावकीनं जेवणात काही कालवलंय असा संशय, हे दोन्हींनी कमी होतं आणि बऱ्यापैकी सारखंच होतं. अमेरिकेत 2005 ला कॅटी नावाचा मोठा अभ्यास छापून आला, जवळपास 1500 पेशंट, त्यात जुनं परफेनाझिन बहुतेक नव्यांच्या बरोबरीनं चाललं. 18 महिन्यांत 74 टक्के लोकांचं सुरुवातीचं औषध बंद झालं किंवा बदललं, ओलान्झापिन त्यातल्या त्यात जास्त टिकलं पण वजनही त्यानंच सगळ्यात जास्त वाढवलं. आणि पेशंट गप्प बसून राहतो, अंघोळीचाही कंटाळा करतो, त्यावर दोन्ही कमीच पडतात बगा.

मग फरक कशात, तर त्रासात. जुन्या गोळ्या अंगावर निघतात. हात थरथरतात, चाल आखडते, वर्षानुवर्षं घेतली तर तोंडाच्या-जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात. एका पोराला सुई दिल्यावर दुसऱ्या दिवशी मान वाकडी अन् डोळे वर गेलेले, घरचे म्हणाले अंगात आलं, लिंबू-नारळ झालं, शेवटी दवाखान्यात प्रोमेथाझिनच्या इंजेक्शननं अर्ध्या तासात मान सरळ. त्याहून फसवं म्हणजे पाय स्वस्थ न बसणं. माणूस ओसरीवर येरझाऱ्या घालतो, घरच्यांना वाटतं येड वाढलं, म्हणून डोस वाढवून मागतात, आणि डोस वाढला की येरझाऱ्या अजून वाढतात. हे डॉक्टरला नेमकं सांगितलं पाहिजे, की आत तगमग होते म्हणून फिरतोय.

नव्या गोळ्या पोटावर निघतात. ओलान्झापिनवर भूक सुटते, चार भाकरी खाऊनही हात डब्यात, मग वजन, मग शुगर. रिस्पेरिडोनचा डोस जास्त झाला तर तीही जुनीसारखीच अंग आखडवते, शिवाय बायांची पाळी थांबू शकते, आणि हे काउंटरवर कोणी बोलत नाही कारण चिठ्ठी घेऊन दीर नाहीतर सासरा येतो.

क्लोझापिन वेगळंच प्रकरण आहे. गणतात नव्यात, पण युरोपात ते 1970 च्या दशकातच आलं होतं. 1975 ला फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून पेशंट दगावले तेव्हा मागं पडलं, आणि 1988 च्या अमेरिकन अभ्यासात दुसरी औषधं न लागलेल्यांना ते लागलं म्हणून परत आलं. दोन औषधं नीट घेऊनही फरक नसेल तर खरं हेच. पण सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासणी, म्हणजे एसटीनं खेटे, अन् बद्धकोष्ठ झालं तर हसण्यावारी न्यायचं नाही, त्यानं जीवही जातो. याच्यावरचा माणूस बिडी एकदम सोडतो तेव्हा रक्तात औषध वाढतं हेही डॉक्टरला सांगा. कारण धूर असतो, तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही.

जुनीसोबत थरथर कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, त्यानं घाम कमी येतो, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी रानात पाठवू नका.

परवा एक मावशी सगळं ऐकून म्हणल्या, "मग आमच्या लेकाला जुनी का नवी?" म्हणलं ते डॉक्टरच ठरवतील, पण मावशी, तुमच्या घरात शुगर कुणाला हाय का? म्हणल्या, "मला हाय, याच्या आज्यालाबी होती." म्हणलं मग जाताना आधी हेच सांगा.