फिस्कारणं वेगळं, दबा धरणं वेगळं: थोरली मांजर आणि नवं पिल्लू

पिल्लू समोर आलं की पहिल्या काही दिवसांत दोनपैकी एक दृश्य बहुतेक घरांत दिसतं. एकात थोरली मांजर लांबूनच पिल्लाकडे बघून जोरात फिस्कारते आणि पाठ फिरवून निघून जाते. घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्यात काहीच आवाज नसतो. थोरली खोलीच्या दारात बसलेली, पिल्लू पलंगाखाली, आणि अर्धा-पाऊण तास दोघंही जागची हलत नाहीत. घरातले निश्वास सोडतात: चला, सवय झाली एकमेकांची.

खरी काळजी करायची ती या दुसऱ्या दृश्याची. आवाज करणारी मांजर भीती सांगून टाकते. आवाज न करता रोखून बघणारी मांजर पिल्लाची वाट बंद करत असते. हा फरक ओळखता आला नाही, तर माणूस फिस्कारण्यावर ओरडतो आणि दबा धरण्याला शाबासकी देतो.

फिस्कारणं ही बचावाची भाषा आहे. ती करताना मांजरीचं अंग आक्रसतं, वजन मागच्या पायांवर जातं, कान डोक्याला चिकटतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. कधी सोबत गुरगुर असते, कधी पंजाचा एखाद-दुसरा फटका. सगळ्याचा अर्थ एकच: इथून पुढे येऊ नकोस. यातली पक्की खूण फिस्कारण्याच्या नंतर दिसते. पिल्लू थांबलं किंवा मागे सरलं की थोरलीही थांबते. ती मागे लागत नाही. तिला हवं होतं ते अंतर, आणि ते मिळालं.

दबा धरणं ही चाल करून जाण्याची तयारी आहे. इथे अंग आक्रसत नाही, ताठ होतं आणि पुढे कलतं. मागचा भाग किंचित उंच, डोकं खाली, नजर पिल्लावर खिळलेली. कान चपटे होत नाहीत; ते बाहेरच्या बाजूला वळतात, इतके की समोरून कानांची पाठ दिसू लागते. शेपटीचं टोक झटके देत असतं. पिल्लू मागे सरलं की ही मांजर एक पाऊल पुढे टाकते. बचाव करणारी मांजर अंतर वाढवते आणि चाल करणारी ते कमी करते. गोंधळ झालाच तर एवढं एक बघितलं तरी चालतं.

आता दारात बसलेल्या प्रत्येक मांजरीच्या मनात वैर असतं असं नाही. उंबऱ्यावर गार लागतं म्हणूनही मांजर तिथे बसते. पंजे अंगाखाली घेतलेले, डोळे अर्धे मिटलेले, अधूनमधून अंग चाटणं चालू, तर ती विश्रांती. शंका असेल तर तिच्या बाजूला, पिल्लापासून लांब, आवडीच्या खाऊचा तुकडा टाका. ती मान वळवून खायला गेली तर ठीक. तुकड्याकडे ढुंकूनही न बघता नजर पिल्लावरच राहिली, तर तो दबा आहे.

दुसरी साक्ष पिल्लू देतं. वाट अडवली जात असेल तर ते लिटर बॉक्समध्ये न जाता पलंगाखाली किंवा अंथरुणात लघवी करतं, वाटीतलं घाईघाईनं गिळून पळतं, दिवसाचा बराच वेळ कपाटावर किंवा पलंगाखाली काढतं. अशा वेळी ‘पिल्लाला शिस्त नाही’ असं म्हणून लिटर बॉक्सची जागा सारखी बदलत राहण्यात अर्थ नसतो. त्याला वळण आहे, तिथपर्यंत जायला वाट नाही.

फिस्कारण्यावर ओरडू नये, पाणी उडवू नये, थोरलीला खोलीत कोंडू नये. कारण साधं आहे. पिल्लू दिसलं की आपल्याला बोलणी बसतात, एवढंच तिच्या लक्षात राहतं आणि पिल्लाविषयीची नावड आणखी घट्ट होते. त्याहून वाईट म्हणजे काही मांजरी फिस्कारणं सोडतात आणि थेट नखं काढतात. पूर्वसूचना देण्याची सवय आपणच मोडलेली असते. फिस्कारली की करायचं एवढंच: पिल्लाला खेळण्यानं दुसरीकडे वळवायचं आणि पुढच्या भेटीत अंतर थोडं वाढवायचं. आईपासून फार लवकर तुटलेल्या पिल्लाला हा इशारा कळतच नाही, ते पुन्हा पुन्हा अंगावर जातं. तिथे थोरलीच्या वतीनं ‘नाही’ म्हणण्याचं काम माणसाला करावं लागतं.

सवय होतेय का, हे फिस्कारणं बंद झालं की नाही यावर मोजू नका. दोन गोष्टी लिहून ठेवा: किती अंतरावर फिस्कारली, आणि त्यानंतर किती वेळानं पुन्हा खायला, झोपायला किंवा अंग चाटायला लागली. दोन मीटरचं अंतर एक मीटरवर आलं, वीस मिनिटांची धुसफूस दोन मिनिटांत निवू लागली, की गाडी रुळावर आहे. फिस्कारणं रोज तेवढ्याच अंतरावर आणि तेवढाच वेळ चालू असेल, तर तुम्ही घाई करताय.

घाई न करण्याची रीत ठरलेली आहे. पिल्लू आधी वेगळ्या बंद खोलीत, स्वतःच्या वाट्या, लिटर बॉक्स आणि लपायला खोक्यासह. पशुवैद्याची तपासणी, जंतांचं औषध आणि रक्तचाचणी होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, समोरासमोर भेट नाही. हे दिवस वाया जात नाहीत, कारण मांजरींची पहिली ओळख नाकानं होते. स्वच्छ मोजा पिल्लाच्या गालांवर, ओठांच्या कडेला आणि कानांपुढे हलकेच घासून थोरलीच्या खोलीत जमिनीवर ठेवा. तिच्या अंथरुणावर किंवा वाटीजवळ नको. तिची जागा तिचीच राहू द्या. मोज्यावर फिस्कारली तर चिंता नाही. वास घेऊन पुढे निघून गेली, म्हणजे पुढच्या पायरीला ती तयार आहे. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण: वाट्या आधी दारापासून दीड-दोन मीटरवर, आणि दोघं शांतपणे खात असतील तर रोज साधारण 30 सेंटीमीटर जवळ. खाणं थांबलं किंवा कान दाराकडे वळून राहिले, की वाटी कालच्या जागी परत. त्यानंतर जाळी लावून किंवा दार दोन बोटं उघडं ठेवून नजरभेट, आणि शेवटी एकाच खोलीत पाच-पाच मिनिटं. भेट चांगली चाललेली असतानाच संपवायची. ‘आणखी थोडा वेळ बघू’ म्हणताना बहुतेक भेटी बिघडतात.

दबा दिसला तर उपाय वेगळा. नजर आधी तोडा: दोघांच्या मधे पुठ्ठ्याचा मोठा तुकडा किंवा उशी सरकवा. हात घालू नका. चवताळलेली मांजर मधल्या हातालाच चावते, आणि मांजरीचा चावा वरून बारीक दिसला तरी आत खोल जाऊन चिघळतो. झालाच तर साबण-पाण्यानं भरपूर धुऊन डॉक्टरांकडे जायचं. दोघांना वेगळं करा आणि एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्या. मांजरीचा राग पाच मिनिटांत उतरत नाही. शांत दिसणारी थोरली कित्येक तास आतून तापलेली असू शकते. अशा वेळी समजूत घालायला म्हणून पिल्लाला तिच्यापुढे नेणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

विश्रांतीच्या काळात घराची मांडणी बदला, कारण दबा धरण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. दोन मांजरींना तीन लिटर बॉक्स हवेत, आणि तेही तीन वेगळ्या ठिकाणी. ओळीनं लावलेले तीन बॉक्स थोरलीच्या दृष्टीनं एकच, कारण एका जागी बसून तिन्हींवर पहारा करता येतो. बोळाच्या टोकाला, एकच वाट असलेल्या कोपऱ्यात बॉक्स ठेवू नका. झाकणाचे बॉक्सही या काळात नकोत. आतल्या पिल्लाला बाहेर कोण बसलंय हे दिसत नाही. जेवणाच्या आणि पाण्याच्या वाट्या अशा ठिकाणी ठेवा, की एकाला खाताना दुसरं दिसणार नाही. उंच जागा किमान दोन, आणि प्रत्येकीवरून उतरायला दोन वाटा. पहिली वाटी, पहिला लाड, खेळाची नेहमीची वेळ थोरलीचीच राहू द्या.

मग कुस्तीचं काय? दोघं एकमेकांना मिठी मारून लोळतात तेव्हा घरात धावपळ होते, पण कुस्ती बहुधा खेळच असतो. मांजरींच्या आपसांतल्या झटापटींच्या व्हिडिओंवर आधारित एक अभ्यास 2023 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आला. त्यात शांतपणे चाललेली कुस्ती खेळाशी, तर आवाज करणं आणि पाठलाग हे भांडणाशी जोडलेले आढळले. मधला, दोन्हींची लक्षणं असलेला एक गटही निघाला. घरी बघायचं ते असं: खेळात वरचा खाली येतो, खालचा वर जातो, मधे दोघं थांबतात, नखं आत राहतात आणि संपल्यावर दोघं जवळपासच रेंगाळतात. भांडणात एकच सतत वर असतो, किंकाळ्या येतात, केस उपटले जातात आणि नंतर एक जण दिसेनासा होतो. पिल्लाची कमानदार पाठ, फुगलेली शेपटी आणि तिरक्या उड्या यांनी मात्र घाबरू नका. एवढ्या वयात ते खेळाचं आमंत्रण असतं. आठ आठवड्यांचं पिल्लू एक किलोच्या आसपास भरतं, थोरली चार-पाच किलोंची. म्हणून खेळ असला तरी पिल्लू ओरडलं आणि थोरलीनं सोडलं नाही, तर लगेच थांबवा.

एका फिस्कारण्याचा पिल्लाच्या येण्याशी थेट संबंध नसतो, आणि ते ओळखायला हवं. पिल्लू पाठीवर किंवा कमरेवर उडी मारतं तेव्हाच थोरली चवताळत असेल, खिडकीत चढणं तिनं कमी केलं असेल, तर सांधे दुखत असतील. 12 वर्षांवरील मांजरींच्या एक्स-रेंवरचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात 90 टक्के मांजरींमध्ये सांध्यांची झीज दिसली. दुखणाऱ्या मांजरीला कितीही हळूहळू ओळख करून दिली तरी ती पिल्लाला टाळणारच. आधी पशुवैद्य, मग ओळख. माणसांची वेदनाशामकं कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेतं.

थोरलीनं 24 तास काहीच खाल्लं नाही, किंवा पिल्लानं खाणं टाळायला सुरुवात केली, तर थांबून बघू नका. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, ही तर तासाभरात दवाखान्यात पळण्याची वेळ. ताणानं मूत्रमार्गाचा त्रास उफाळतो आणि बोक्यांमध्ये मार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. झटापटीनंतर दोन ते पाच दिवसांनी गाठ आली, अंग तापलं, तर केसांखाली दातांचं बारीक भोक शोधा. आत पू झालेला असतो.

रात्री किंवा तुम्ही घरी नसताना दोघांना एकत्र सोडायचं, ते सलग दोन आठवडे एकदाही दबा दिसला नसेल तरच. या दोन आठवड्यांत चार-दोनदा फिस्कारणं झालं असेल, तर ते मोजू नका.