लग्नाची अट आणि सी. बी. मुथम्मा : पार्श्वभूमी

फॉरेन सर्व्हिसमधल्या, म्हणजे परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्न करायचं असेल तर आधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. म्हणजे कार्यालय बुक करायच्या, पत्रिका छापायच्या आधी दिल्लीला अर्ज. आणि लग्न झाल्यावर पुढे कधीही सरकारची खात्री पटली की हिच्या घरसंसारामुळे कामात अडथळा येऊ शकतो, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. हे छापील होतं, १९६१ च्या सेवा नियमांत, नियम ८, पोटनियम २. त्याच साली केलेल्या भरतीच्या नियमांत अजून एक कलम, १८(४), की विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणूक हक्क म्हणून मागता येणार नाही. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराबद्दल अशी शंका कुणाला आली नव्हती.

सी. बी. मुथम्मांचं नाव बहुतेकांना एका ओळीपुरतं माहीत असतं, भारताच्या पहिल्या महिला आयएफएस (म्हणजे याच फॉरेन सर्व्हिसमधल्या) अधिकारी. दादर-परळच्या अभ्यासिकांत युपीएससी करणाऱ्या मुलींच्या नोट्समध्ये एक केस म्हणून अजून एक ओळ असते, मुथम्मा विरुद्ध भारत सरकार, १९७९, घटनेचं कलम १४ आणि १६ (समानता आणि सरकारी नोकरीत समान संधी). पण ही अट आली कुठून, किती वर्षं टिकली आणि तिच्याशी अजून कोण कोण भांडलं हे कळल्याशिवाय त्या ओळीचं वजन कळत नाही. आणि या भांडणाचा बराच भाग आपल्या मुंबईत घडलाय, म्हणून हे लिहितोय.

चोनिरा बेलिअप्पा मुथम्मा यांचा जन्म २४ जानेवारी १९२४ चा, कूर्गमधल्या विराजपेटचा. वडील वनखात्यात होते, त्या नऊ वर्षांच्या असताना गेले. पुढे आईने चारही मुलांना एकटीने शिकवलं, आणि त्या काळात गावाकडे विधवा बाईने हे करणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. मुथम्मा मडिकेरीला शाळेत, मग मद्रासला विमेन्स ख्रिश्चन कॉलेज, मग प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एमए. १९४८ ला परीक्षा दिली, १९४९ ला फॉरेन सर्व्हिसमध्ये रुजू झाल्या. मुलाखतीतच त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न झाला, असं त्यांनी पुढे स्वतः सांगितलंय. त्या बधल्या नाहीत. मग रुजू होताना लिहून घेतलं गेलं की लग्न केलं तर राजीनामा देईन.

आता याच वर्षांत बाकी काय चाललं होतं ते बघा, कारण मला यातली विसंगती सगळ्यात जास्त टोचते. फॉरेन सर्व्हिसची स्थापना ऑक्टोबर १९४६ ची. १९४७ ला विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोला भारताच्या राजदूत म्हणून गेल्या, मग वॉशिंग्टन, १९५३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, मग लंडन. त्यांचं सासर पंडितांचं, मूळ कोकणातलं घराणं. नवरा रणजित पंडित १९४४ ला वारले, तीन मुली, मुलगा नाही, आणि तेव्हाच्या हिंदू कायद्यात त्यामुळे नवऱ्याच्या इस्टेटीत त्यांना हक्काने काही मिळेना. म्हणजे घरात कायद्याने हात रिकामे आणि तीन वर्षांत त्याच बाई देशाच्या वतीने मॉस्कोत. पुढे १९६२ ते ६४ त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या, मलबार हिलच्या राजभवनात राहिल्या. तीन मुलींच्या आईला दूतावास चालवता येतो हे सरकारला पक्कं माहीत होतं, कारण सरकारनेच तिला पाठवलं होतं. पण ती नेमणूक राजकीय. परीक्षा देऊन, स्वतःच्या मार्कांवर आत येणाऱ्या मुलीला मात्र वेगळा नियम.

दुसऱ्या हंसा मेहता. जन्म सुरतचा पण सार्वजनिक आयुष्य मुंबईतलं, १९३० च्या सत्याग्रहात इथे परदेशी कापडाच्या दुकानांसमोर पिकेटिंग करून तुरुंगात गेल्या, नंतर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू, घटना समितीच्या सदस्य. नवरा डॉ. जीवराज मेहता, परळच्या केईएमचे डीन. या हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द होता तो बदलून 'सर्व माणसं' व्हावं म्हणून त्या अडून राहिल्या आणि तो बदल झाला. जाहीरनामा मंजूर झाला १० डिसेंबर १९४८ ला. म्हणजे ज्या वर्षी जगाच्या कागदावर भारताची एक विवाहित बाई ही दुरुस्ती करून घेत होती त्याच वर्षी मुथम्मा परीक्षेला बसल्या होत्या, आणि लग्न न करण्याची हमी त्यांच्या पुढ्यात यायची होती.

आयएएसमध्येही वेगळं नव्हतं. अ‍ॅना राजम १९५१ च्या बॅचच्या, मद्रास केडर, आयएएसमधल्या पहिल्या महिला. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशातच लिहिलं होतं की लग्न केल्यास सेवा समाप्त. गंमत बघा, मुलाखत मंडळाने त्यांना सांगितलं होतं की बायकांना फॉरेन सर्व्हिस वगैरे जास्त योग्य, आणि तिकडे फॉरेन सर्व्हिसमध्ये मुथम्मांना अडवत होते! राजाजी मद्रासचे मुख्यमंत्री होते, त्यांनाही बाईला फील्डवर पाठवायचं पटत नव्हतं. तरी राजम होसूरला सब कलेक्टर झाल्या, घोड्यावरून फिरल्या, गावात हत्तींचा कळप शिरला तेव्हा गोळ्या न झाडता त्यांना परत जंगलात वळवलं. अट नंतर काही वर्षांनी गेली, त्यांनी बॅचमेट आर. एन. मल्होत्रांशी लग्न केलं, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. आणि आपल्याकडचं न्हावा शेवा बंदर उभं राहत होतं तेव्हा त्या जेएनपीटीच्या, म्हणजे ते बंदर चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्ष होत्या. १९८९ ला पद्मभूषण. २०१८ मध्ये अंधेरीत राहत्या घरी गेल्या. उरण-पनवेलकडे जाताना ते कंटेनर ट्रेलर रोज बघणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल.

पण या सगळ्यात मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ना दिल्लीतली ना मद्रासची, ती मुंबईतल्या एका औषध कंपनीतली. तिथेही तोच नियम होता, एका विभागातल्या अविवाहित मुलीने लग्न केलं की नोकरी आपोआप संपली. कंपनीचं म्हणणं काय, तर काम टीमने करायचं असतं आणि लग्न झालेल्या बायका दांड्या जास्त मारतात. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद उचलला, औद्योगिक न्यायाधिकरणात हरले, तरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६५ साली जिंकले. तेव्हा सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर, कामगार कायद्यातलं मोठं नाव, आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेले. कोर्टाने सरळ विचारलं की लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात याला पुरावा काय? विधवा बाई चालते, तिला मुलं असली तरी चालते, मग नवरा असलेली का नाही? फरक पडतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी बदली म्हणून चार बायका जास्त ठेवता येतात की.

किती सरळ उत्तर आहे हे. आणि हे उत्तर १९६५ ला उपलब्ध होतं, देशाच्या सर्वोच्च कोर्टाने दिलेलं होतं, कारखान्यातल्या बायकांनी आणि त्यांच्या युनियनने मिळवलेलं होतं, तरी परराष्ट्र खात्याच्या नियमांतलं ८(२) पुढे चौदा वर्षं तसंच राहिलं. मी तर म्हणेन या बाबतीत साऊथ ब्लॉक, म्हणजे दिल्लीतलं परराष्ट्र खातं, मुंबईतल्या कामगार बायकांच्या चौदा वर्षं मागे होतं. औषध कंपनीतल्या मुलींच्या मागे युनियन होती, मुथम्मांच्या मागे कुणी नव्हतं.

मुथम्मांची नोकरी तोवर चालू होतीच, पहिलं पोस्टिंग पॅरिस, नंतर रंगून, लंडन, दिल्ली. १९७० ला हंगेरीत राजदूत झाल्या, परीक्षा देऊन आलेल्यांपैकी राजदूत झालेल्या पहिल्या महिला. नंतर घाना. मग वरच्या ग्रेडच्या बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना वगळलं, कारण दिलं गुणवत्तेचं, आणि त्यांच्या मागचे पुढे गेले. तीस वर्षांची सर्व्हिस झालेल्या, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेल्या माणसाने साधारण काय केलं असतं? गप्प बसून पेन्शनची वाट बघितली असती. या बाई सेवेत असताना आपल्याच सरकारविरुद्ध, परराष्ट्र सचिवांना प्रतिवादी करून, घटनेच्या कलम ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठीचा रस्ता) थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. म्हणणं असं की हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही, बढत्या ठरवणाऱ्यांचा बायकांबद्दलच आकस आहे, आणि हे बघा नियम, हा आकस छापलेलाच आहे.

निकाल १७ सप्टेंबर १९७९ चा, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि सिंघल. सुनावणीपर्यंत दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, केस उभी राहिल्यावर मुथम्मांना बढती देऊन टाकली. दोन, सरकारने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की १८(४) आम्ही १९७३ च्या नोव्हेंबरमध्येच काढलंय आणि ८(२) पण काढतोय, गॅझेटमध्ये येतंय. म्हणजे तक्रार करायला काही उरू नये अशी व्यवस्था. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या याचिका फेटाळली गेली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सगळे म्हणतात मुथम्मा केस जिंकल्या. पण कोर्टाने फेटाळतानाच लिहिलं की याचिका फेटाळतोय, प्रश्न नाही. मधल्या काही महिन्यांत जे ज्युनियर पुढे गेले त्यांच्या तुलनेत यांची सिनियॉरिटी पुन्हा तपासा असं सरकारला सांगितलं, आणि सगळ्याच सेवा नियमांतून हा डाग काढा, दर वेळी कुणी कोर्टात यायची वाट बघू नका असंही. लग्नाच्या परवानगीबद्दल कृष्ण अय्यरांचा मुद्दा औषध कंपनीच्या निकालासारखाच सरळ: बायकोच्या संसाराने काम अडत असेल तर नवऱ्याच्या का नाही अडत? आणि स्वातंत्र्याची लढाई ही बाईच्या गुलामीविरुद्धचीही लढाई होती, हे तुम्ही विसरलात, असं त्यांनी सुनावलं. ते वाक्य वाचताना मला कापडाच्या दुकानांसमोर उभ्या राहिलेल्या हंसाबेन आठवतात.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगायलाच हवी. याच निकालात असंही म्हटलंय की सगळ्याच कामांत आणि सगळ्याच परिस्थितीत स्त्री-पुरुष समान असं आम्ही सरसकट म्हणत नाही, कामाच्या गरजेनुसार फरक करावा लागू शकतो. ही फट ठेवायला नको होती. दोनच वर्षांत पुन्हा मुंबईतूनच केस गेली, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची, मुख्यालय तेव्हा इथेच नरिमन पॉइंटला. त्यांचे नियम असे की पस्तिशीला निवृत्ती, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणाला. ऑगस्ट १९८१ ला सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाचा नियम रद्द केला, भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हणून, एमडीच्या (व्यवस्थापकीय संचालकाच्या) मर्जीवर मुदत वाढवायची पद्धतही उडवली. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट वाजवी ठरवली. १९६५ ला कामगार बायकांना जे मिळालं, १९७९ ला राजदूत बाईंबद्दल जे लिहिलं गेलं, ते १९८१ ला विमानात काम करणाऱ्या मुलींना पूर्ण मिळालं नाही. हक्क एकदा मिळाला की सगळ्यांना मिळाला असं होत नाही, प्रत्येक खात्यातल्या बाईला आपापलं भांडण वेगळं करावं लागलंय.

मुथम्मा नंतर नेदरलँड्सला राजदूत होत्या, १९८२ ला निवृत्त झाल्या. स्वीडनच्या ओलोफ पाल्मेंच्या अध्यक्षतेखालच्या निःशस्त्रीकरण आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. नोकरशाहीबद्दल त्यांनी परखड लेख लिहिले, त्यांचं पुस्तक २००३ ला आलं, आणि कोडवा, म्हणजे कूर्गच्या लोकांच्या स्वयंपाकावरही एक पुस्तक केलं, जे मला फार आवडतं कारण पोलादी बाई म्हटलं की लोक तिचं स्वयंपाकघर काढून घेतात. लग्न त्यांनी केलं नाही. ते अटीमुळे की स्वतःच्या इच्छेने यावर लोक फार अंदाज बांधतात, मला ते बरोबर वाटत नाही. प्रश्न फक्त एवढाच की ते ठरवण्यात सरकारचा कागद मध्ये का असावा. १४ ऑक्टोबर २००९ ला बंगलोरमध्ये त्या गेल्या. २००१ ला चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या होत्या, मुथम्मा गेल्या त्या वर्षी निरुपमा राव त्या पदावर होत्या, मग २०१३ ला सुजाता सिंह, आणि २०२२ ला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत भारताच्या स्थायी प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदा एक महिला, रुचिरा कंबोज.

युपीएससी करणाऱ्या मुलींना एकच सांगणं आहे, मुथम्मांचा निकाल नोट्समधल्या ओळीवर सोडू नका, मूळ निकाल वाचा, थोड्याच पानांचा आहे, लोकलमध्ये वाचून होतो. आणि त्याच्या आधी बॉम्बे लेबर युनियनचा वाचा, तो तर त्याहून सोप्या भाषेत आहे.