स्विचचा पासवर्ड हरवलाय? आधी अर्ज, मग मोड बटण

कुपवाड एमआयडीसीतला कारखाना असो की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, आम्हा नेटवर्क दुरुस्तीवाल्यांना फोन ठरलेलाच असतो: "आधीचा पोरगा नोकरी सोडून गेला, स्विचचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, आजच उघडून द्या." स्विच म्हणजे ऑफिसातले संगणक एका नेटवर्कात जोडणारं यंत्र. उघडायला अर्धा तास पुरतो. पण मालकाच्या परवानगीविना हात लावला तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43 आडवं येतं, आणि हेतू लबाडीचा ठरला तर कलम 66. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून आम्ही आधी कागद मागतो.

अर्ज मालकानं, भागीदारानं किंवा संचालक मंडळाच्या ठरावानं अधिकार मिळालेल्या माणसानं करायचा. अकाउंटंटचा व्हॉट्सॲप मेसेज चालत नाही. स्विच भाड्याचा असेल तर अर्ज ज्याचा स्विच त्याचा.

सोबत लेटरहेडवर सही-शिक्का, सही करणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सिरीयल नंबरचा फोटो आणि खरेदीचं बिल किंवा देखभाल करार. बिलावरचा नंबर यंत्राशी जुळला पाहिजे. 2019 च्या पुरात ज्यांच्या फायली भिजल्या, त्यांनी विक्रेत्याकडून दुसरी प्रत घ्यावी.

अर्जात खरी महत्त्वाची ओळ म्हणजे नेटवर्क बंद ठेवण्याची वेळ. "आमच्याकडे दोन स्विच आहेत, काही बंद पडणार नाही" हे अर्धसत्य आहे. दोन स्वतंत्र स्विच एचएसआरपीनं (एक बंद पडला की दुसरा त्याचं काम उचलतो, अशी सोय) जोडलेले असतील, तर कुलूप लागलेला एकच बंद करता येतो. मात्र दुसरा खरोखर भार घेतोय का ते आधी बघायचं, आणि सर्व्हरच्या तारा दोन्हींत आहेत का तेही. स्टॅक, म्हणजे एकत्र जोडून एकाच यंत्रासारखे चालवलेले स्विच, असेल तर सगळाच बंद करावा लागतो. मग हळदीचे सौदे चालू असताना वेळ मागू नका.

सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट 3750 स्टॅकमध्ये मास्टरला, म्हणजे स्टॅकमधल्या मुख्य स्विचला, लॅपटॉपशी जोडणारी कन्सोल केबल लावून वेग 9600 ठेवायचा आणि त्याच्यावरचं मोड बटण दाबून ठेवत आधी फक्त त्यालाच वीज द्यायची. फ्लॅशमधल्या, म्हणजे स्विचच्या कायम मेमरीतल्या, कॉन्फिग फाइलचं (यात स्विचची सगळी सेटिंग्ज असतात) नाव बदलून स्विच सुरू केला की तो पासवर्ड न विचारता उघडतो. मग जुनं नाव परत द्यायचं, बाकीचे स्विच सुरू करून ते पूर्ण चालू होईपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरच कॉन्फिग चढवून नवा पासवर्ड टाकून सेव्ह करायचं. पासवर्ड रिकव्हरी कुणी बंद करून ठेवली असेल, तर अख्खं कॉन्फिग पुसूनच आत जाता येतं. बॅकअप आहे की नाही हे अर्जातच लिहा, रात्री अकराला सांगू नका.

पासवर्ड विसरलेला नसून कुणी बाहेरच्यानं बदललाय असा संशय असेल, तर रीसेट थांबवा. 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (सायबर घटनांची नोंद घेणारी केंद्र सरकारची संस्था) कळवावी लागते, आणि घाईत स्विच बंद केला तर त्याच्या मेमरीतला लॉग, म्हणजे काय-काय घडलं त्याची नोंद, जातो.

काम झाल्यावर नवा पासवर्ड बंद लखोट्यात, पोचपावती घेऊन, अर्जावर ज्याची सही आहे त्याच्याच हातात देतो.