डेटॉलची बादली आणि क्लोरहेक्सिडिनची आंघोळ

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर ४ टक्के क्लोरहेक्सिडिनची, म्हणजे आंघोळीच्या जंतुनाशक औषधाची, बाटली हातात देतात. घरी तिची दोन झाकणं बादलीत जातात आणि वरून नेहमीचा साबण. हे पाहून जीव तुटतो, कारण त्या बाटलीचा उपयोग तिथेच संपला.

डेटॉलचं पाणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात क्लोरोझायलेनॉल असतं, पाण्यात पडलं की पांढरं होतं. पण बादलीची ती सवय इथे चालत नाही.

क्लोरहेक्सिडिन पाण्यात कालवायचं नाही. डोकं शाम्पूने, अंग साबणाने आधीच धुवा आणि साबण पूर्ण निघू द्या. मग पाणी घेणं थांबवून औषध ओल्या अंगावर जसंच्या तसं लावा, मानेपासून खाली. काखा, बेंबी, जांघा विसरू नका. साधारण दोन मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने धुवा. फेस फारसा येत नाही, म्हणून खसाखसा घासू नका.

यानंतर अंगाला काहीही लावायचं नाही. साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, क्रीम नाही. क्लोरहेक्सिडिन धुतल्यावरही त्वचेला धरून राहतं आणि पुढे कित्येक तास जंतूंना वाढू देत नाही. ते द्यायचं ते याचसाठी. त्याचा विद्युतभार धन, साबणाचा ऋण. दोन्ही एकत्र आले की औषध निकामी होतं. बऱ्याच क्रीममधली घट्टपणा आणणारी द्रव्यंही हेच करतात. म्हणून ‘शेवटी जरा साबण लावला, स्वच्छ वाटतं’ ही सवय त्या दिवशी सोडाच.

डोळे, कान, तोंड आणि गुप्तांगाचा आतला भाग यांपासून औषध लांब ठेवा. पडदा फाटलेल्या कानात ते गेलं तर ऐकू येणं कायमचं बिघडू शकतं. पूर्वी कधी ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा. टॉवेल आणि कपडे धुतलेले घ्या, पण ते क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकू नका, तपकिरी डाग पडतात.

बाटली दिलीच नसेल तर? साध्या साबणाने नीट आंघोळ करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात साधा साबणही चालतो, जंतुनाशकही. औषधी आंघोळ सरस असल्याचा पक्का पुरावा नाही. बदली म्हणून डेटॉल मात्र नको. ते कमी पाण्यात घालून लावलं तर कातडी भाजते, आणि लाल झालेल्या कातडीवर कुठल्याच सर्जनला चीर द्यायची नसते.

आणि घरी वस्तरा फिरवू नका. त्याने न दिसणाऱ्या जखमा होतात आणि जंतू तिथेच वाढतात. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने, काढू द्या.