पासिंग कुठून आलं आणि आता कुठं चाललंय

कोल्हापुरात पासिंग हा शब्द दोन अर्थांनी चालतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पुढं आपल्या नंबरची गाडी दिसली की आपण लगेच म्हणतो, एमएच ०९ पासिंग हाय, म्हणजे आपल्याकडचं कुणीतरी आलंय. आणि रिक्षा स्टॉपवर कुणी म्हणालं की सोमवारी पासिंग हाय, तर त्याचा अर्थ वेगळा, त्या दिवशी धंदा बंद, गाडी धुऊनपुसून आरटीओच्या साहेबापुढं उभी करायची आणि ती पास झाली तरच पुढं रस्त्यावर आणायची. कागदावर त्याला योग्यता प्रमाणपत्र म्हणतात, फिटनेस सर्टिफिकेट, पण एकाही ड्रायव्हरच्या तोंडून मी योग्यता प्रमाणपत्र हा शब्द ऐकलेला नाही. सध्या ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय, पासिंग आता कुठं करायचं, मशीननं गाडी तपासणाऱ्या ऑटोमॅटिक सेंटरला जायला लागणार का, जवळचं सेंटर कुठलं. हे सगळं एका दिवसात झालेलं नाही, त्याला शंभर वर्षांची वाट आहे, म्हणून जरा मागनं सांगतो.

आपल्या देशात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यात मुख्य भर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं लायसन आणि वेग यावर होता. गाडी धड आहे का नाही हे बघायची पक्की सोय आली १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ३८. त्यात असं होतं की माणसं किंवा माल वाहणाऱ्या गाडीला फिटनेसचं सर्टिफिकेट पाहिजेच, आणि ते नसेल तर तिचं रजिस्ट्रेशनसुद्धा वैध धरायचं नाही. सर्टिफिकेटची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी नाही आणि दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. मला हे कलम वाचताना दरवेळी पटतं, कारण भाड्याच्या गाडीत बसणारा माणूस वाकून ब्रेक बघत नाही, तो विश्वासावर चढतो, मग त्याच्या वतीनं कुणीतरी वाकून बघायला पाहिजे ना. पासिंग म्हणजे मुळात एवढंच.

त्या वेळी कोल्हापूर मात्र संस्थान होतं आणि ब्रिटिश मुलखातला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. राजवाड्यात तेव्हा मोठमोठ्या मोटारी होत्या, दसऱ्याला दसरा चौकात जी मेबॅक बघायला आपण पोराबाळांसकट गर्दी करतो ती त्याच काळातली, १९३०च्या दशकातली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मग बाकी सगळ्या कायद्यांबरोबर हा मोटारींचा कायदाही आपल्याकडं आला. त्याच्या जरा आधी, १ जून १९४८ ला, पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली होती. म्हणजे बघा, खेड्यापाड्यातली माणसं मोटारीतनं प्रवास करायला लागली आणि मोटार तपासायचा कायदा आला, दोन्ही जवळजवळ एकाच वेळी.

पुढं १९८८ चा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि आजचं पासिंग त्याच्यावरच उभं आहे. जुनं कलम ३८ तिथं कलम ५६ झालं, त्याचा नमुना मात्र फॉर्म ३८. नियम ६२ मध्ये मुदत ठरवून दिली, नव्या गाडीला दोन वर्षं आणि त्यानंतर दरवर्षी. आणि आपण ज्याचा अभिमान धरतो तो एमएच ०९ हा नंबरसुद्धा याच नव्या व्यवस्थेत मिळाला, राज्याची दोन अक्षरं आणि आरटीओचा आकडा. म्हणजे पासिंगचे दोन्ही अर्थ एकाच वेळी आपल्या तोंडात बसले असं म्हणायला हरकत नाही.

या कायद्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीय. तपासणी आरटीओनंच करावी असं १९८८ लाही सक्तीचं नव्हतं, सरकारनं मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रानं फिटनेस द्यायची तरतूद त्याच कलमात आहे. ती कागदावर तीसेक वर्षं जवळजवळ पडून राहिली. ब्रिटनमध्ये बघितलं तर १२ सप्टेंबर १९६० ला त्यांनी जी वार्षिक तपासणी सुरू केली, एमओटी म्हणतात तिला, ती पहिल्यापासून सरकारमान्य गॅरेजांतनंच होत आली आणि खाजगी कारलाही लागू होती. सुरुवातीला फक्त १० वर्षांवरच्या गाड्या आणि ब्रेक, लाइट, स्टिअरिंग एवढंच बघायचे, पण नापास होणाऱ्यांची संख्या बघून लवकरच ती अट ७ वर्षांवर आणली आणि १९६७ मध्ये ३ वर्षांवर. आपल्याकडं खाजगी कार एकदा शोरूममधनं निघाली की १५ वर्षं तिचे ब्रेक कुणी अधिकृतपणे बघत नाही. हे मला आजही पचत नाही. रिक्षावाल्याला ठराविक मुदतीनं उभं करायचं, ते बरोबरच आहे, पण त्याच रस्त्यावर शंभरनं जाणाऱ्या १२ वर्षं जुन्या कारला विचारायचं फक्त पीयूसी. आणि पीयूसी म्हणजे धूर, ब्रेक नव्हे. बऱ्याच जणांना पीयूसी काढली की गाडीची तपासणी झाली असं वाटतं, तसं नाही.

आता माझं सांगतो, म्हणजे मला या विषयाची एवढी तळमळ का ते कळेल. आमच्या चुलत्यांचा ४०७ टेम्पो होता, शिरोलीतनं कास्टिंग भरायचं आणि रत्नागिरी, चिपळूणला उतरवायचं. पासिंगच्या आधी आठवडाभर गाडी उद्यमनगरात गॅरेजला लागायची, ब्रेकचे लायनर बघायचे, ग्रीसिंग करायचं, मागं रेडियमची पट्टी नवीन, बंपरला रंग, वायपर चालू करून घ्यायचा, फर्स्ट एडची पेटी शोधायची. आणि मागचे टायर गुळगुळीत झाले असले तर एक दिवसासाठी दुसऱ्याचे टायर उसने आणायचे. हो, उसने. आमच्या ओळखीत एका गाडीचे चांगले टायर अशा चार गाड्यांना फिरायचे. पासिंगला साहेब गाडीभोवती एक फेरी मारणार, चॅसी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छापा कागदाशी ताडून बघणार, हॉर्न वाजव, इंडिकेटर लाव, हेडलाइट मार, झालं. गाडी जागची हलायचीच नाही. संध्याकाळी टायर परत.

एका पावसाळ्यात असंच पासिंग होऊन महिनाही झाला नव्हता आणि आंबा घाटात उतरताना ब्रेकला दमच राहिला नाही, पायडल पार खाली गेलं तरी गाडी धरेना. चुलत्यांनी गिअर पाडत पाडत गाडी डोंगराच्या अंगाला घासली आणि थांबवली, त्यामुळं ते आणि क्लीनर वाचले. घरात ते सर्टिफिकेट व्यवस्थित फाइलला लावलेलं होतं, पुढं अकरा महिने मुदत होती. मी तेव्हा शाळेत होतो, पण तो कागद बघितलेला आठवतो, त्यावर गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं लिहिलेलं. आपल्या जिल्ह्याला घाट सुटत नाहीत, गगनबावडा घ्या, आंबा घ्या, फोंडा घ्या, सपाटीवर चालून जाणारा ब्रेक तिथं चालत नाही. म्हणून गाडी जागेवर उभी करून तपासणं आणि पळवून तपासणं यातला फरक कोल्हापूरकराला वेगळा समजावून सांगायला लागू नये.

तो फरक कोर्टात मांडला पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी. त्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की फिटनेस देताना ब्रेक टेस्ट प्रत्यक्ष ट्रॅकवर व्हायला पाहिजे, त्यासाठी किमान २५० मीटरचा ट्रॅक पाहिजे. पुढं तर ट्रॅक नाही तिथं पासिंगच करू नका असा बडगा आला. तेव्हा राज्यभर धावाधाव झाली, जागा शोधा, डांबर टाका, कंपाउंड मारा. आपल्याकडं पासिंग म्हटलं की लोक मोरेवाडीचा ट्रॅक म्हणतात ते या सगळ्यामुळं. ताराबाई पार्कातल्या ऑफिसच्या गर्दीतनं गाडी बाहेर माळावर गेली, आता ती पळवून, ब्रेक दाबून बघतात. माझ्या मते पासिंगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच, मशीनपेक्षाही मोठा.

२०१६ च्याच डिसेंबरच्या शेवटी केंद्रानं फी वाढवली आणि पासिंगची मुदत उलटली की दिवसाला ५० रुपये जादा असा नियम केला. दिवसाला ५० ऐकायला कमी वाटतं पण गाडी दोन वर्षं दारात बंद पडून असली तर छत्तीस हजार होतात, जुन्या रिक्षाची तेवढी किंमतही येत नाही. २०२४ मध्ये त्याची वसुली आपल्या राज्यात जोरात सुरू झाली तेव्हा रिक्षावाले, टेम्पोवाले रस्त्यावर उतरले आणि सरकारनं ती थांबवली. दंडाच्या भीतीनं माणूस पासिंगला येतो हे खरं, पण दंड गाडीच्या किमतीएवढा झाला की तो येतच नाही, तशीच चोरून चालवतो, हेही मी बघितलंय.

मुदतीचा नियम २०१८ मध्ये बदलला. आता ट्रान्सपोर्ट गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी पासिंग आणि आठच्या पुढं दरवर्षी. अजून बरेच जण दरवर्षीचाच हिशोब धरतात, तर काही उलटं, नवव्या वर्षातही दोन वर्षं समजून बसतात आणि अडकतात. कोरोनात तर सगळंच लांबलं होतं, १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेली कागदपत्रं वाढवत वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालवून घेतली. स्कूलबसचं वेगळं आहे, राज्याचे २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर मे-जूनमध्ये त्यांची तपासणी लागते, पोरं ज्या गाडीतनं जातात तिचं पासिंग कधी संपतंय हे पालकांनी बिनधास्त विचारावं.

आता ऑटोमॅटिक सेंटर. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं की ठराविक तारखेनंतर स्वयंचलित केंद्रातल्या तपासणीशिवाय फिटनेस द्यायचाच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या केंद्रांचे नियम निघाले, आणि त्याच्या महिनाभर आधी, १३ ऑगस्टला, स्क्रॅप धोरण जाहीर झालं होतं. दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत, गाडी नुसत्या वयानं नव्हे तर टेस्टमध्ये नापास झाली म्हणून भंगारात जावी असा तो विचार. जड गाड्यांना आधी १ एप्रिल २०२३ ही तारीख दिली होती, बाकीच्यांना १ जून २०२४, मग ती पुढं ढकलत १ ऑक्टोबर २०२४ केली. कारण साधं, सेंटरच झाली नव्हती. म्हणून नियमात असं ठेवलं की ज्या आरटीओच्या हद्दीत असं सेंटर चालू आहे तिथं ते सक्तीचं.

तिथं होतं काय, तर गाडीची चाकं रोलरवर चढवतात, रोलर फिरतो, ब्रेक दाबला की प्रत्येक चाक किती जोर धरतं ते वेगवेगळं मोजलं जातं. डावं धरतं आणि उजवं सोडतं असली गाडी माणसाच्या नजरेतनं सुटते, रोलरवर सुटत नाही. पुढं सस्पेन्शन, स्टिअरिंगचा प्ले, चाकं सरळ चालतात का, हेडलाइटचा झोत कुठं पडतो, स्पीडोमीटर, धूर, हॉर्नचा आवाज. आकडे थेट कॉम्प्युटरवर, मधी माणसानं पास-नापास लिहायचं नाही. नापास झाली तर दुरुस्त करून फी भरून पुन्हा टेस्टला आणता येते. उसन्या टायरचा खेळ इथंही कुणी करू शकेल, पण उसने लायनर कुणी बसवत नाही, आणि जीव जातो तो लायनरमुळंच.

खाजगी गाडीवाल्यांनाही हे आता लांबचं राहिलेलं नाही. १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी रिन्यू करायला गाडी दाखवायलाच लागते. १ एप्रिल २०२२ पासून कारची ती फी ६०० वरनं ५,००० झाली आणि दुचाकीची ३०० वरनं १,०००, वर पर्यावरण कर वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० आणि दुचाकीला २,००० केली.

आता जवळचं सेंटर कसं शोधायचं. परिवहनच्या सरकारी साइटवर वाहन पोर्टलला गाडीचा नंबर टाकला की फिटनेसची मुदत दिसते आणि तिथंच फी भरून अपॉइंटमेंट घेता येते. आपल्या हद्दीत ऑटोमॅटिक सेंटर चालू असेल तर स्लॉट घेताना तेच समोर येतं, नसेल तर आरटीओचा ट्रॅक. एजंटच्या सांगण्यावर इचलकरंजी, सांगली असं फिरण्याआधी हे एकदा स्वतः बघा. जाताना विमा, पीयूसी, टॅक्सची पावती, रिक्षा असेल तर मीटरचं कॅलिब्रेशन, मोठ्या गाडीला स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट आणि रिफ्लेक्टर टेप. स्लॉट मुदत संपायच्या पंधरा-वीस दिवस आधीचा घ्या, म्हणजे नापास झालीच तर उद्यमनगरात काम करून घ्यायला हातात वेळ राहतो. आणि लायनर पासिंगच्या दिवसापुरते नको, घाट उतरायच्या हिशोबानं बदला, चुलते अजून प्रत्येकाला हेच सांगतात.