डॉ. ईडिथ पीची : कामा रुग्णालयाच्या आधी आणि नंतर

मुंबईत ईडिथ पीची ओळखल्या जातात त्या 'कामा'च्या डॉक्टरीणबाई म्हणून. १८८३ च्या डिसेंबरात त्या इथं उतरल्या, पुढे रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या, हे आपल्याकडे पुष्कळदा लिहून झालंय. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या पीची मात्र इथं फारशा कुणाच्या ओळखीच्या नाहीत. त्यांची गाठ घ्यायची तर आधी एडिंबराला जावं लागतं.

१८७० साली तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेला पहिल्यांदाच बसलेल्यांत त्या अव्वल आल्या. होप शिष्यवृत्ती त्यांचीच होती. ती दिली मागच्या नंबरावरच्या मुलाला! कारण काय, तर बायकांचा तास वेगळा भरे, म्हणून त्या 'वर्गात' धरता येत नाहीत. तास वेगळा भरवायची अट विद्यापीठाचीच. बरं, पदक मात्र पीचींनाच दिलं. त्यांनी दाद मागितली तेव्हा विद्यापीठाच्या सभेनं एका मताच्या फरकानं ठरवलं की बायकांना नेहमीचंच प्रमाणपत्र द्यावं, आणि एका मताच्याच फरकानं ठरवलं की शिष्यवृत्ती देऊ नये. म्हणजे प्रमाणपत्रापुरत्या वर्गात, पैशांपुरत्या वर्गाबाहेर. आणखी गंमत म्हणजे तो निधी जमला होता बायकांसाठी झालेल्या व्याख्यानांच्या कमाईतून. त्याच नोव्हेंबरात परीक्षेला निघालेल्या या मुलींवर जमावानं चिखल फेकला, परीक्षा चालू असताना आत एक मेंढी घुसवली. पदवी शेवटी बर्नहून घ्यावी लागली, परवाना आयर्लंडचा, दोन्ही १८७७ मध्ये.

मुंबईत स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार मिळावा असा त्यांनी धरलेला आग्रह या अनुभवानंतर नवलाचा वाटत नाही. मधुमेहामुळे १८९४ मध्ये 'कामा' सोडलं, तरी खासगी रुग्ण तपासणं चालूच होतं.

१९०५ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय मताधिकार परिषदेला लीड्सच्या बायकांकडून गेल्या. ९ फेब्रुवारी १९०७ ला लंडनमध्ये मताच्या हक्कासाठी तीन हजारांहून जास्त बायका भर पावसात चालल्या. लांब झग्यांचे घोळ चिखलानं इतके माखले की मोर्चाला नावच चिखलाचं पडलं. पुढच्या रांगेत साठी ओलांडलेल्या पीची होत्या. मतासाठी काचा फोडणाऱ्या 'सफ्रजेट' बायकांतल्या त्या नव्हेत, सनदशीर मार्गानं जाणाऱ्या 'सफ्रजिस्ट' गटातल्या. आपल्याकडे दोन्ही गटांना एकच शब्द वापरतात, म्हणून सांगितलं.

एप्रिल १९०८ मध्ये त्या गेल्या. इंग्लंडात बायकांना मत मिळालं १९१८ मध्ये, तेही तिशीपुढच्यांना. मुंबई इलाख्यात कायदेमंडळानं ते दार १९२१ मध्ये उघडलं, पण मालमत्तेची अट तशीच ठेवून.